राखणदारापाशी बसून जायचं

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांचा आखडलेला खांदा वर करत होते आणि आजोबा माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. दिवाळी अंकासाठी तुमच्या व्यवसायातले गमतीशीर अनुभव लिहा, असं बाईंचं म्हणणं. गमतीशीर पाहिजे तर हलवायाकडे जा, मी म्हटलं, माझ्याकडे माणसं कण्हत येतात आणि शिव्या देत जातात, मधल्या वेळात जमलं तर बरी होतात. बाईंना वाटलं मी होकार दिला. मग आता लिहितेच, पण गमतीचं नाही. जे कुणाला धड सांगता आलं नाही ते लिहिते.

महाडमध्ये मी फिजिओथेरपिस्ट म्हणून बसले तेव्हा तो शब्द कुणाच्या तोंडी बसेना. मी 'शेकवाली बाई' झाले, नाहीतर 'करंटवाली'. आजही खालचा रिक्षावाला पत्ता असाच सांगतो. आखातात उभा जन्म काढून आलेले दासगावचे एक चाचा मला रोज ऐकवायचे की तिकडे मशीनच माणसाला व्यायाम करून देतं, तुम्ही मात्र पैसे घेऊन मलाच हात हलवायला लावता. पाचाडचा एक डोलीवाला गुडघे धरून आला. त्याला म्हटलं, थोडे दिवस गड चढू नका. तो इतका हसला की मीसुद्धा हसले. असली गिऱ्हाइकं पुष्कळ, त्यांच्यावर एक वेगळा लेख होईल.

आमचं काम सोपं करून सांगायचं तर असं. डॉक्टर विचारतात, कुठे दुखतं? मी म्हणते, चालून दाखवा. यातली मेख अशी की चालून दाखवा म्हटलं की कुणीच खरं चालत नाही. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलगी जशी चालते तसं साठीचे बाप्येसुद्धा चालतात. म्हणून मी चालायला सांगून वहीत काहीतरी खरडत बसते आणि कान उघडे ठेवते. पावलाचा आवाज खोटं बोलत नाही. टाच आधी टेकली की चवडा, डावा जास्त वेळ थांबला की उजवा, हे सगळं फरशीवर ऐकू येतं. इतक्या वर्षांत कान असे तयार झालेत की लग्नाच्या पंगतीतही माझं लक्ष ताटाऐवजी वाढप्यांच्या पायांकडे असतं. माझ्या नवऱ्याला याचा फार राग येतो.

मनीषा पहिल्यांदा आली ती सासूबरोबर. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात ज्या वाड्या-वस्त्या आहेत, त्यातल्या एका वाडीतली. वय तिशीच्या आतबाहेर, नवरा संतोष मुंबईला कुरिअरच्या गोदामात, घरी सासू आणि पहिलीत जाणारी मुलगी स्वरा. सासूचं नाव पार्वतीबाई. हाडापेराने काटक, बोलणं तोडून टाकल्यासारखं. तक्रार काय, तर सुनेचा डावा पाय फरपटतो.

मी तिला झोपवलं आणि पायाची ताकद तपासली. मी हाताने अडवायचं, पेशंटने ढकलायचं, अशी ही तपासणी असते. तिने पाऊल वर ओढलं ते मला खाली दाबता येईना. गुडघा ताठ केला तो वाकवता येईना. शेतात राबलेली मांडी, मी कोण तिला अडवणार? चालवली तर इकडून तिकडे सरळ चालली. पोलादपूरच्या डॉक्टरांनाही काही सापडलं नव्हतं. माझ्या मनात आलं, सासू-सुनेचं काहीतरी असेल, आमच्याकडे निम्मे पाय घरातल्या भांडणानेच लुळे पडतात. सासूला बाहेर बसवलं आणि विचारलं, खरं काय ते सांग.

"बाई, पाय जड नाय होत," ती म्हणाली. "पाय कोन तरी मागनं धरतं."

मग एकेक बाहेर आलं. पाय घरात धरत नाही, अंगणात धरत नाही. वाडीच्या खाली पऱ्या म्हणजे डोंगरातला ओढा आहे, तिथे धुणं धुऊन वर येताना धरतो. आणि तोही भर दुपारी. चढावर राखणदाराचा, म्हणजे वाडीची शीव राखणाऱ्या देवाचा दगड येतो तिथपर्यंत पाय ओढत आणावा लागतो. दगडापासून पुढे वाडीत शिरताना पाय मोकळा. सगळ्या वाडीला हे माहीत होतं. पऱ्याच्या डोहात गिऱ्हा आहे, म्हणजे पाण्यात राहून माणसाचा पाय धरणारं भूत, आणि तो मनीषाच्या मागे लागलाय. पण राखणदार त्याला शिवेच्या आत येऊ देत नाही. त्यामुळे वाडीला तिची भीती नव्हती, उलट राखणदार जागा आहे याचा तो पुरावाच होता.

मी हे सगळं ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, याआधी कधी काही झालं होतं का? तेव्हा ती म्हणाली, स्वरा तान्ही होती तेव्हा एका डोळ्याने धुरकट दिसायला लागलं होतं, डोळा फिरवला की दुखायचं. काही आठवड्यांनी आपोआप बरं झालं. लोक म्हणाले नजर लागली. आणि आणखी एक. देवाला मान खाली घालून नमस्कार केला की पाठीतून खाली पायापर्यंत करंटसारखं काहीतरी सणकन जातं.

ते ऐकल्यावर मी पेन खाली ठेवलं. गिऱ्हा मला ओळखीचा वाटायला लागला होता. संतोषला मुंबईहून बोलावून घेतलं, चिठ्ठी दिली आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे पाठवलं. डोक्याचे, मणक्याचे फोटो निघाले. मल्टिपल स्क्लेरोसिस. संतोष फोनवर 'एमेस' म्हणत होता, जणू कुठल्या कंपनीचं नाव.

हा आजार काय ते एकदा नीट सांगते. मेंदूतून पायाकडे निघालेल्या तारांवर एक आवरण असतं. या आजारात शरीराचीच राखण करणारी फौज चुकून ते आवरण कुरतडते. उंदराने कुरतडलेली वायर असते तसं. दिवा लागत नाही असं नाही, लागतो. पण भार पडला, वायर तापली की फडफडतो आणि विझतो. जरा थंड झाली की पुन्हा लागतो. म्हणून पलंगावर झोपवून एकदा ढकलायला सांगितलं तर ताकद पुरी भरते. चालणं मात्र एकदा ढकलणं नाही, तेच तेच पुन्हा पुन्हा करणं आहे. प्रत्येक पावलाला नडगीवरच्या स्नायूने चवडा उचलायचा, जांघेतल्या स्नायूने पाय पुढे आणायचा, मांडीने गुडघा सांभाळायचा. थोडं अंतर गेलं की निरोप पोचेनासे होतात, चवडा लोंबतो, पाय जमिनीवर घासतो. त्यात उन्हाने अंग तापलं तर हे लवकर होतं. स्नायू कमजोर असणं वेगळं आणि स्नायू थकणं वेगळं. पहिलं पलंगावर सापडतं, दुसरं वाटेवरच.

म्हणून मी वाट बघायला गेले. औषधं सुरू झाली होती, व्यायाम मी शिकवला होता, तरी 'धरतो' हे तिचं चालूच होतं. मार्चअखेरीची दुपार. गाडी खाली ठेवून वाडीत चढले. नळाचं पाणी तेव्हा आटलेलं, त्यामुळे बाया पऱ्यावर जात होत्या, पण बाराच्या सुमाराला तिथे कुणी थांबत नाही. आम्ही मुद्दाम थांबलो. तिने उकिडवं बसून धुणं आपटलं, पिळलं, ओलं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चढायला लागली. मी मागे.

रानात दुपारची एक शांतता असते, ती रात्रीपेक्षा वाईट. पाखरू नाही, पान नाही, फक्त आमची पावलं. मी सवयीने ऐकत होते. टाच, चवडा. टाच, चवडा. पायवाटेवरच्या धुळीत आदल्या दिवशीच्या खुणा तशाच होत्या. एका उजव्या पावलाचे ठसे आणि त्यांच्या शेजारून वर जाणारी एक अखंड रेघ. तिचीच ती, मला माहीत होतं. तरी तिच्या मागून चालताना असं वाटत होतं की ही रेघ तिच्या आधी जाऊन आली आहे.

मग फरपटल्याचा आवाज आला. मी लगेच तिच्या पायाकडे पाहिलं. पाय अजून उचलला जात होता. आणखी दोन-चार पावलं तो नीट पडला आणि त्यानंतर चवडा लोंबला. मी आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही. शेवरीची फांदी कशावर तरी घासली असेल, माझीच चप्पल असेल. पण माझे कान चुकत नाहीत, यावर माझं पोट चालतं, आणि तोच तर त्रास आहे. ती मागे न बघता म्हणाली, "आला का, बाई?"

पुढे पाय ओढत, कंबर वर हिसडून पाय बाहेरून फिरवत ती राखणदारापर्यंत गेली. राखणदार म्हणजे उंबराखाली उभा रोवलेला, शेंदूर फासलेला दगड. तिथली रीत अशी की खालून वर येणाऱ्याने ओझं उतरवायचं, झाडाचा पाला मोडून दगडासमोर ठेवायचा आणि बसायचं. घाम सुकेपर्यंत बसायचं, मगच शिवेच्या आत पाऊल टाकायचं. मग कुणी सावकार असो नाहीतर सरपंच. आम्ही बसलो. उंबराखाली गारवा होता. काही वेळाने मनीषा उठली, गाठोडं घेतलं आणि टाच, चवडा, टाच, चवडा करत सरळ घरी गेली.

मी तिथेच बसून हसले. कुणा एका पूर्वजाने नेमक्या जागी दगड रोवून ठेवला होता. चढ, ऊन, ओझं, मग सावली आणि सक्तीची विश्रांती. आमच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच. तार निवली की दिवा लागत होता.

मग मी उत्साहाने कामाला लागले. धुणं चौरंगावर बसून धुवायचं. गाठोडं अर्धं करायचं. निघण्याआधी सावलीत टेकायचं, ओला पंचा मानेवर ठेवायचा. अर्ध्या चढावर काजूच्या झाडाखाली पाय लटपटायच्या आधीच बसायचं. थकल्यावर बसू नये, थकायच्या आधी बसावं, हे मी तिच्याकडून घोकून घेतलं. घरी खुर्चीतून उठबस, टाचेवर उभं राहून चवडे उचलणं, सगळं थोडं थोडं, मध्ये थांबून. पोरगी जिद्दीची. स्वराच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला पायी जायचं हा तिचा हट्ट होता. पावसाळ्यानंतर तिचं चालणं लांबलं. माझी मलाच शाबासकी देऊन झाली.

आणि दिवाळीनंतर संतोषचा फोन आला. बाई, घोळ झालाय, आई मनीषाला माहेरी धाडतेय.

झालं होतं ते असं. काजूखाली बसून उठलेली मनीषा राखणदारापर्यंत आली तरी पाय घट्ट होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाय न ओढता ती तिथे पोचली होती. तिला इतका आनंद झाला की ती बसलीच नाही. पाला ठेवला नाही. तशीच गाठोडं घेऊन वाडीत शिरली. देवळाच्या चौथऱ्यासमोर, जिथे भात झोडून चारचौघं बसली होती, तिथे तिचा चवडा लोंबला. तिथून घराच्या उंबऱ्यापर्यंत अंगणाच्या सारवणावर रेघ उठली. आता हे माझ्या हिशोबाने साधं होतं, थकवा यायचाच होता, तो पुढे ढकलला गेला होता. वाडीच्या हिशोबानेही साधंच होतं. राखणदाराला ओलांडून गिऱ्हा शिवेच्या आत आला होता, आणि रेघ कुणाच्या दारात जाते ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याच आठवड्यात कुणाचं वासरू मेलं, हेही तिच्याच खाती गेलं.

एवढ्यावर पार्वतीबाई हलल्या नसत्या. त्या बाईने आयुष्यात कुणाला भीक घातलेली नव्हती. पण स्वरा अंगणात खेळताना डावा पाय फरपटत चालायला लागली होती.

मी दुसऱ्याच दिवशी संतोषला घेऊन वर गेले. वाडीत शिरताच दारं लागली. ओसरीवर पार्वतीबाई, गोविंद भगत आणि दोघंतिघं म्हातारे बसले होते. भगत म्हणजे राखणदाराला कौल लावणारा माणूस, एरवी पोलादपूरच्या बाजारात कोंबड्या विकणारा. मनीषा आतल्या खोलीत पिशवी भरत होती. स्वरा अंगणात होती. मी तिचे पाय पाहिले. तोच पाय, तोच लोंबता चवडा, तीच कंबर हिसडायची तऱ्हा. आईची हुबेहूब चाल, आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. मी तिला जवळ घेतलं, पाय तपासले, टाचेवर चालवलं, एका पायावर लंगडी घालायला लावली. दोन्ही पाय ठणठणीत. विचारलं, अशी का गं चालतेस? "मी आये झालेय," ती म्हणाली.

मी ओसरीवर येऊन सांगितलं की पोरगी आईची नक्कल करते, सगळी पोरं करतात. वायरचं आणि उंदराचं सांगितलं. उन्हाचं, थकव्याचं सांगितलं. सगळ्यांनी आदराने ऐकून घेतलं. आमच्याकडे शिकलेल्या बाईचं लोक फार आदराने ऐकतात आणि करायचं तेच करतात.

"मी सुनेला वंगाळ बोलनार नाय," पार्वतीबाई म्हणाल्या. "पन तो आता नातीवर आला. तिला म्हायेरी जाऊ दे. तो बी तिच्या मागनं जाईल."

माहेरी म्हणजे कुठे? वरंधच्या बाजूला भावाच्या घरी, जिथे आई-बाप उरलेले नाहीत. औषधं कोण बघणार, व्यायाम कोण घेणार, आणि स्वरा तर इथेच राहणार होती. आतून पिशवीच्या चेनचा आवाज आला. संतोष खाली मान घालून बसला होता. मला त्याचा राग आला, पण त्याची आई होती ती आणि त्याची मुलगी, तो बिचारा काय बोलणार? मी इतकी वर्षं कमावलेलं शहाणपण पणाला लावलं आणि भगताला विचारलं, राखणदाराची सत्ता कुठपर्यंत?

"जितवर त्याचा दगड, तितवर त्याची शीव," भगत म्हणाला.

मग दगड पुढे मांडता येतो का? घरापर्यंत? म्हणजे गिऱ्हा वाडीत आलाच असेल तर त्याला जागोजागी राखणदार भेटेल. आणि रीत तीच, दगड आला की प्रत्येकाने बसायचं.

कॉलेजातल्या माझ्या सरांनी हे वाचलं तर ते पदवी परत मागतील. मागू देत. भगत म्हणाला, माझ्या हातात नाय, त्याला इचारावं लागंल.

सगळे उंबराखाली गेलो. भगताने दगडाला भिजवलेले तांदूळ लावले, उजवीकडे आणि डावीकडे. उजवे आधी पडले तर राखणदाराचा होकार. मनीषाला पुढे बसवून नमस्कार करायला सांगितला. तिने मान खाली घातली आणि तिचं सगळं अंग सर्रकन ताठलं. जमलेल्या बाया मागे सरकल्या. मला कारण माहीत होतं, मानेतल्या मज्जारज्जूवरचा डाग, मान वाकली की ताण येतो. फोटोत मी तो डाग पाहिला होता. तरी माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी उजवीकडचे तांदूळ पडले. भगताने बोटाने मदत केली की नाही हे मी त्याला कधी विचारलं नाही.

दगड कुठे मांडायचे हे मात्र मी ठरवलं. मनीषाला चढावरून चालवलं आणि मागून ऐकत गेले. तिचं पाऊल जमिनीवर जरा आपटायला लागलं, म्हणजे थकवा यायच्या बेतात आहे, की मी म्हणायचे, इथे. भगत तिथे राखणदाराच्या पायाशी ठेवून आणलेला दगड रोवायचा, शेंदूर लावायचा. पऱ्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत अशी रांग झाली. पिशवीतलं सामान त्याच संध्याकाळी परत फडताळात गेलं.

मला वाटलं होतं की त्या दगडांपाशी फक्त मनीषा बसेल. पण राखणदाराला ओलांडून जायची छाती कुणाची? वाडीतला प्रत्येक माणूस बसायला लागला. भाताचे भारे घेतलेले, दुधाची किटली घेतलेले, मोबाइलवर बोलत येणारे मुंबईकर, सगळे. मनीषा थांबली की ती एकटी थांबलेली कुणाला दिसतच नव्हती. सगळी वाडी तिच्या पायाच्या मापाने चालायला लागली. स्नेहसंमेलनाला ती पायी गेली. स्वराने फरपटणं कधी सोडलं, कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

इथे थांबता आलं असतं तर संपादकबाईंना गोड शेवट मिळाला असता. पण हा आजार प्रत्येकाच्या बाबतीत वेगळा वागतो. महाडच्या एक शिक्षिका तोच आजार घेऊन आजही स्कूटर चालवतात, माझ्याशी भांडतातही. मनीषाचा तसा नव्हता. मध्ये दोनदा झटका येऊन गेला, दुसऱ्या झटक्यानंतर उजवा पायही मंदावला. मी वर जायचे, मागून ऐकायचे, आणि पुन्हा म्हणायचे, इथे. दर खेपेला माझं 'इथे' आधीच्या दगडाच्या अलीकडे पडायचं. दोन दगडांत आधी एका हाकेचं अंतर होतं. मग बोलणं ऐकू येईल एवढं राहिलं. वाडीत एक कुजबुज सुरू झाली, ती मला पोलादपूरच्या बाजारात कळली. राखणदार जवळ जवळ का येतायत? कशाला घाबरून ते असे एकमेकांना खेटून बसतायत? मी हसण्यावारी नेलं. पण पुढच्या खेपेला त्या शेंदरी दगडांच्या रांगेतून उतरताना मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. प्रत्येक दगडापाशी बसले मात्र.

यंदा पाऊस उघडल्यावर गेले. आता गाडी वाडीपर्यंत जाते. मनीषा चौकटीला धरून उभी राहते, घरातल्या घरात हिंडते. वर्ष झालं, पऱ्यावर गेलेली नाही. हसतमुख आहे, माझे व्यायाम चुकवते आणि केले म्हणून सांगते. आम्ही खाटेपासून चुलीकडे चालायला निघालो. ती थोडं गेली आणि खाली बसली. पाहते तर जमिनीत दगड रोवलेला. शेंदूर लावलेला. घरात, खाटेच्या आणि चुलीच्या मधोमध.

शिवेचा देव कुणी घरात मांडत नाही, हे मलाही कळतं. मी विचारलं, भगताने कौल लावला का?

"कौल नाय लावला," पार्वतीबाई चुलीपासून म्हणाल्या. "मीच आनला. त्याला सांगितला, आता हिची शीव हितं."

मग उरलेलं घर? मी विचारलं. चूल, मोरी, ओसरी?

"ते भायेर," त्या म्हणाल्या. त्यांनी तवा उतरवून ठेवला, येऊन सुनेच्या शेजारी जमिनीवर बसल्या, आणि आवाज न चढवता बोलल्या. "मनीषा दगडाच्या आत झोपते, पोर आत झोपते. मी भायेरच्या अंगाला हातरून टाकते. आला तर आधी माज्यावरनं येल."

मनीषा माझ्याकडे बघत नव्हती. तिने सासूच्या मांडीवर हात ठेवला होता. मीही खाली बसले, आणि तिच्या पायाचे स्नायू निवेपर्यंत आम्ही तिघी तशाच बसून राहिलो.